अंतिम सामन्याआधीचे आठ दिवस

तापी समुद्राला मिळते तिथे, तिच्या उजव्या काठावर हजीरा आहे. खताचा कारखाना, पोलादाचा कारखाना, नैसर्गिक वायूचे प्रकल्प, बंदर, आणि या सगळ्यांच्या आसऱ्याने उभ्या राहिलेल्या वसाहती. 2017 च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात या किनाऱ्याचं सगळं लक्ष ओखी चक्रीवादळाकडे लागलं होतं. केरळ, तमिळनाडू आणि लक्षद्वीपला झोडपून ते दक्षिण गुजरातच्या दिशेने येत होतं. इथे पोचेपर्यंत त्याचा जोर ओसरला आणि मोठं संकट टळलं. पण ऐन थंडीत पाऊस पडून गेला, आणि नदीपलीकडे सुरतेत लालभाई काँट्रॅक्टर स्टेडियमचं मैदान ओलं राहिलं.

त्याच मैदानावर 7 डिसेंबरपासून रणजी करंडकाचा उपउपांत्य सामना होता, विदर्भ विरुद्ध केरळ. बाद फेरीचे सामने त्या वर्षी तटस्थ मैदानांवर ठेवले होते. त्यामुळे नागपूरच्या जामठ्यावर मुंबई आणि कर्नाटक खेळत होते, आणि विदर्भाचा संघ आपलं मैदान पाहुण्यांना देऊन सुरतेला आला होता. सामन्याच्या तिसऱ्या दिवशी, 9 डिसेंबरला, गुजरात विधानसभेच्या पहिल्या टप्प्याचं मतदान होतं. सगळं सुरत शहर मतदानकेंद्रांकडे चाललेलं असताना विदर्भाचं आयुष्यातलं सर्वांत मोठं क्रिकेट शहराच्या एका कडेला चालू होतं.

तीन आठवड्यांनी हाच संघ रणजी विजेता झाला. ती कथा महाराष्ट्रात पुष्कळ सांगितली गेली. रजनीश गुरबानीची हॅट्‌ट्रिक, अक्षय वाडकरचं शतक आणि वसीम जाफरने मारलेला विजयी चौकार आजही लोकांच्या तोंडी आहेत. मला मात्र त्या कथेचा शेवट जरा बाजूला ठेवायचा आहे. 21 डिसेंबरला उपांत्य सामना संपला आणि 29 तारखेला इंदूरला अंतिम सामना सुरू झाला. त्या मधल्या आठ दिवसांत विदर्भाच्या हंगामाचा जमाखर्च कोणी मांडला असता, तर त्यात काय दिसलं असतं? माझं म्हणणं असं, की कोणत्याही संघाची खरी किंमत तिथेच कळते. करंडक हाती आला की जुन्या चुकाही गुण वाटू लागतात, आणि तो निसटला की गुणांकडे कोणी बघत नाही.

दुसरीकडची एक रीत

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलमध्ये हा हिशेब मांडायला वेळ राखूनच ठेवलेला असतो. नियमित हंगामात संघ साधारण बारा सामने खेळतो. त्यांतले निदान सहा जिंकले, की त्याला हंगामाअखेरच्या एखाद्या ‘बाउल’ सामन्याचं आमंत्रण मिळू शकतं. त्यांतला सर्वांत जुना रोज बाउल 1902 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथे झाला. नियमित हंगाम संपल्यावर बाउल सामन्यापर्यंत काही आठवडे जातात. या काळात वर्तमानपत्रं, समालोचक आणि प्रेक्षक संघाची फळी न् फळी तपासतात. कोण वाढलं, कोण थकलं, कोणत्या विजयात दम होता आणि कोणता नशिबाने पदरात पडला, हे सगळं त्यात येतं.

या रीतीत एक अवघड प्रश्नही येतो. पुढे व्यावसायिक संघात जाणारे काही खेळाडू दुखापतीच्या भीतीने बाउल सामना खेळतच नाहीत. 2016 च्या डिसेंबरमध्ये ख्रिश्चन मॅकॅफ्री आणि लेनर्ड फोर्नेट या दोघांनी आपापल्या कॉलेजचा शेवटचा सामना सोडला, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. हंगामाने उभा केलेला संघ आणि शेवटच्या दिवशी मैदानात उतरणारा संघ एकच असतो का, हा त्या वादाचा गाभा होता. वर्षभराने विदर्भापुढे हाच प्रश्न दुसऱ्या कारणाने उभा राहिला.

जमेची बाजू

त्या हंगामात 28 संघ चार गटांत विभागले होते. प्रत्येकाचे सहा साखळी सामने होते आणि गटातले पहिले दोन संघ पुढे जाणार होते. विदर्भाच्या गटात पंजाब, बंगाल, गोवा, हिमाचल प्रदेश, छत्तीसगड आणि सेनादल होते. विदर्भाने चार सामने जिंकले, दोन अनिर्णित राखले आणि 31 गुणांसह गटात पहिला क्रमांक मिळवला. सुरुवातच मोहालीत पंजाबला डावाने हरवून झाली. पुढे कल्याणीत बंगालला बंगालच्याच मैदानावर दहा गडी राखून नमवलं. रणजीत निर्भेळ विजयाला सहा गुण मिळतात, आणि डावाने किंवा दहा गड्यांनी जिंकलं तर एक जास्तीचा. विदर्भाच्या 31 गुणांत हे जास्तीचे गुण आहेत, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पहिल्या डावाची आघाडी घेऊन सामना अनिर्णित ठेवायचा आणि तीन गुण खिशात टाकायचे, ही आपल्या देशांतर्गत क्रिकेटची जुनी सवय. हा संघ वीस गडी बाद करायला निघाला होता.

या गुणांचा पाया सलामीच्या जोडीने घातला. कर्णधार फैज फजल आणि संजय रामास्वामी डाव उघडायचे. फजलने हंगामात पाच शतकांसह 912 धावा केल्या. नागपूरचा हा डावखुरा फलंदाज 2003 मध्ये विदर्भाकडून पहिल्यांदा खेळलेला. भारताकडून त्याच्या वाट्याला एकच एकदिवसीय सामना आला, 2016 मध्ये हरारेत. त्यात त्याने नाबाद 55 धावा केल्या, आणि पुन्हा कधी त्याला बोलावणं आलं नाही. अशा माणसाच्या मनात कडवटपणा साठला असता तरी कोणी नावं ठेवली नसती. त्याने ती सगळी ताकद स्थानिक संघाला दिली.

त्यांच्या मागे वसीम जाफर होता. मुंबईकडून आठ रणजी विजेतेपदं मिळवून तो विदर्भात आला होता आणि वयाची चाळिशी जवळ आली होती. आदल्या हंगामात दुखापतीमुळे त्याला खेळता आलं नव्हतं, तरी संघटनेने त्याचं मानधन दिलं होतं. म्हणून 2017-18 मध्ये तो मानधन न घेता खेळला. कर्नाटकातून आलेला गणेश सतीश मधल्या फळीत होता. बाहेरून आलेली ही माणसं संघाला ओझं झाली नाहीत, कारण त्यांच्या भोवतीचा संघ घरचा होता. गुरबानी, अक्षय वखरे, आदित्य सरवटे, अक्षय कर्णेवार, अपूर्व वानखडे, अक्षय वाडकर ही सगळी विदर्भाच्या मैदानांवर घडलेली नावं. 2008 मध्ये जामठ्याला नवं स्टेडियम झालं. त्याच्या आगेमागे विदर्भ क्रिकेट संघटनेने अकादमी आणि वयोगटांच्या क्रिकेटवर पैसा आणि माणसं लावली. त्याचं पीक यायला जवळपास दहा वर्षं लागली.

सुरतेतले पाच दिवस

आता पुन्हा तापीच्या काठावर येऊ. ओल्या मैदानामुळे सुरतेतला सामना रखडतच सुरू झाला, आणि विदर्भाची फलंदाजी चाचपडली. पहिला डाव 246 वर संपला. गटसाखळीत धावांच्या राशी घालणाऱ्या संघाची बाद फेरीतली ही पहिली परीक्षा, आणि तिच्यात तो जेमतेम उत्तीर्ण झाला होता. केरळसाठीही तो सामना मोठा होता, कारण रणजीच्या उपउपांत्य फेरीत ते पहिल्यांदाच पोचले होते. श्रीलंकेला 1996 चा विश्वचषक जिंकून देणारे डेव्ह व्हॉटमोर त्यांचे प्रशिक्षक होते आणि सचिन बेबी कर्णधार.

विदर्भाला सावरलं ते गुरबानीने. 38 धावांत पाच बळी. गुरबानी अंगापिंडाने सडपातळ आहे आणि त्याचा वेग फलंदाजाला घाबरवण्याइतका नाही. पण तो चेंडू पुढे टाकतो. फलंदाजाला बॅट पुढे न्यावीच लागेल अशा टप्प्यावर टाकतो आणि उशिरा हलवतो. सोडावा तर यष्टी जाईल, खेळावा तर कड लागेल. एकदा जमलेला टप्पा तो तासभर सोडत नाही. वेगवान गोलंदाजीचे प्रशिक्षक सुब्रतो बॅनर्जी यांनी आधी उमेश यादवला घडवलं होतं, त्यांच्याच हाताखाली हा अभियांत्रिकी शिकलेला मुलगा तयार होत होता. केरळचा डाव 176 वर आटोपला आणि विदर्भाला 70 धावांची आघाडी मिळाली.

पुढे जे झालं त्यात या संघाचा स्वभाव दिसला. पहिल्या डावात आघाडी होती. नुसता वेळ काढला असता तरी उपांत्य फेरी पक्की होती. विदर्भाने दुसऱ्या डावात 9 बाद 507 धावा उभ्या केल्या. फजलने 119, वानखडेने 107 धावा काढल्या. मग डाव घोषित करून त्यांनी केरळला फलंदाजीला बोलावलं, आणि डावखुरा फिरकीपटू सरवटेने 41 धावांत सहा बळी घेतले. केरळ 165 वर सर्वबाद झाला. विजय 412 धावांनी. विदर्भ पहिल्यांदाच रणजीच्या उपांत्य फेरीत पोचला, आणि तो सुरतेतून पोचला.

सुरत जिल्ह्यात मराठी माणूस मोठ्या संख्येने आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली भागांत खानदेशातून आलेली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाने ती आली आणि कापडाच्या धंद्यात रुजली. हजीऱ्याच्या कारखान्यांतही मराठी बोलणारे पुष्कळ भेटतात. विदर्भाशी या भूमीचं नातं नदीनेही जोडलेलं आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाण्याचं पाणी घेऊन येणारी पूर्णा चांगदेवला तापीला मिळते, आणि तेच पाणी हजीऱ्यापाशी समुद्रात जातं. तरीही त्या डिसेंबरमध्ये इथल्या मराठी माणसाला विचारलं असतं, की महाराष्ट्राचा संघ कोणता, तर बहुतेकांनी मुंबईचं नाव घेतलं असतं. विदर्भ पहिल्यांदा रणजी खेळला 1957-58 मध्ये. पुढची साठ वर्षं राज्यातल्या तीन संघटनांत तो तिसरा धरला गेला. त्याच आठवड्यात जामठ्यावर कर्नाटकाने मुंबईला डावाने हरवलं, आणि राज्याची शान राखायची जबाबदारी या तिसऱ्यावर येऊन पडली.

खर्चाची बाजू

17 डिसेंबरला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर उपांत्य सामना सुरू झाला. समोर मुंबईला गारद करून आलेलं कर्नाटक होतं. विदर्भाचा पहिला डाव 185 वर संपला. करुण नायरने 153 धावा ठोकल्या आणि कर्नाटक 301 पर्यंत गेलं. 116 धावांची पिछाडी. दुसऱ्या डावात गणेश सतीशने आपल्याच जुन्या संघाविरुद्ध 81 धावांची चिवट खेळी केली. विदर्भ 313 वर पोचला आणि कर्नाटकापुढे 198 धावांचं लक्ष्य आलं.

चौथा दिवस संपला तेव्हा कर्नाटक 7 बाद 111 वर होतं. शेवटच्या सकाळी 87 धावा हव्या होत्या आणि तीन गडी हातात होते. विदर्भाचं काम सोपं वाटत होतं, पण विनयकुमार आणि मिथुन यांनी प्रत्येकी तीसहून जास्त धावा जोडल्या, आणि एका टोकाला श्रेयस गोपाल हलेना. धावा एकेक करून कमी होत गेल्या, लक्ष्य एका आकड्यात आलं. अशा वेळी गोलंदाज घाबरला की चेंडू आखूड पडतो किंवा यष्टीबाहेर भरकटतो. गुरबानीने टप्पा सोडला नाही. राहिलेले तिन्ही गडी त्यानेच टिपले. कर्नाटक 192 वर सर्वबाद, विदर्भाचा विजय पाच धावांनी. त्या डावात गुरबानीचे 68 धावांत सात बळी आणि सामन्यात बारा.

विजयाच्या गुलालात जे दिसत नाही, ते जमाखर्च मांडताना दिसायला हवं. बाद फेरीतले विदर्भाचे दोन पहिले डाव बघा: 246 आणि 185. दोन्ही वेळा संघ सावरला तो दुसऱ्या डावात, 507 आणि 313 धावा करून. याचे दोन अर्थ निघतात. एक असा, की या संघाला पहिला घाव सोसून उभं राहता येतं. दुसरा असा, की पहिल्या दिवशीच्या ताज्या खेळपट्टीवर, दडपणाखाली, त्याची फलंदाजी डगमगते. अंतिम सामन्यात दुसरी संधी मिळेलच याची खात्री नसते. पहिल्या डावात मागे पडलेला संघ अनिर्णित सामन्यातही हरतो.

गोलंदाजीचा भार एका माणसावर फार पडला होता. गुरबानीचे तोवरच्या पाच सामन्यांत 31 बळी होते. त्यात उमेश यादव दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर भारतीय संघाबरोबर निघणार होता, म्हणजे अंतिम सामन्याला तो नव्हता. विदर्भाचा सर्वांत वेगवान आणि सर्वांत अनुभवी गोलंदाज ऐन वेळी गेला. अमेरिकेतल्या त्या खेळाडूंसारखी ही निवड नव्हती, देशाचं बोलावणं होतं. पण संघाला पडणारं भगदाड तेवढंच मोठं. त्याच्या जागी अकोल्याचा आदित्य ठाकरे हा 19 वर्षांखालील मुलगा प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण करणार होता, तेही रणजीच्या अंतिम सामन्यात.

समोर दिल्ली होती. सात वेळा विजेती. पुण्यात बंगालला डावाने हरवून आलेली. कर्णधार ऋषभ पंत, सलामीला गौतम गंभीर, गोलंदाजीत नवदीप सैनी. कागदावर तोलली तर बाजू दिल्लीचीच भारी.

इंदूरचा जुना हिशेब

या तोलात एक वजन आकड्यांत मावत नाही. विदर्भाचा प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. भारताकडून पाच कसोटी खेळलेला हा मुंबईचा यष्टीरक्षक. 1998-99 मध्ये मध्य प्रदेशचा कर्णधार म्हणून तो रणजीचा अंतिम सामना हरला होता. प्रशिक्षक म्हणून 2015-16 मध्ये त्याने मुंबईला जिंकवलं, आणि पुढच्याच वर्षी, जानेवारी 2017 मध्ये, त्याच मुंबईला गुजरातने अंतिम सामन्यात हरवलं. गुजरातचं ते पहिलं विजेतेपद, म्हणून सुरतेतल्या क्रिकेटवेड्यांना ते चांगलं आठवतं. तो सामना झाला होता इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. वर्षही न उलटता पंडित त्याच मैदानावर नवा संघ घेऊन निघाला होता. त्याची शिस्त कडक म्हणून ओळखली जाते. वेळ, आहार, सराव, सगळं ठरलेलं. विदर्भाच्या मुलांत गुण आधीही होते. आपण मोठ्या संघाला हरवू शकतो ही खात्री रोजच्या शिस्तीतून येते, ती त्याने आणली.

इंदूरचा आणखी एक जुना धागा आहे. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू नागपूरचे, जन्म 1895. 1923 मध्ये होळकर महाराजांच्या बोलावण्यावरून ते इंदूरला गेले. पुढे होळकर संघाने चार वेळा रणजी जिंकली. नागपूरचं सर्वांत मोठं क्रिकेट इंदूरच्या खात्यावर जमा झालं, कारण त्या काळी नागपूरकडे असा माणूस सांभाळायची ऐपत नव्हती. 2017 मध्ये उलटं घडत होतं. मुंबईचा जाफर, कर्नाटकाचा सतीश आणि मुंबईचाच पंडित नागपूरच्या संघाला आपलं मानून इंदूरला चालले होते.

निकाल आणि त्यानंतर

निकाल सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. दिल्ली 295. गुरबानीने 59 धावांत सहा बळी घेतले, त्यात हॅट्‌ट्रिक. रणजीच्या अंतिम सामन्यातली ही दुसरीच, पहिली तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमची, 1972-73 मधली. विदर्भाने उत्तरादाखल 547 धावा केल्या. वाडकरने 133, सरवटेने 79, जाफरने 78, आणि सिद्धेश नेरळने 74. नववर्षाच्या पहिल्या दिवशी विदर्भ नऊ गडी राखून जिंकला.

आठ दिवसांपूर्वीच्या जमाखर्चात जी सर्वांत मोठी उणीव होती, पहिल्या डावातली फलंदाजी, तिथेच संघाने अंतिम सामना जिंकला. ती उणीव खोटी नव्हती. संघाने ती ओळखली आणि भरून काढली. मोठ्या धावा आल्या त्या खालच्या फळीकडून, यष्टीरक्षक वाडकरकडून आणि गोलंदाजांकडून, घरच्याच मुलांकडून. दहा वर्षांच्या अकादमीचं फळ ते हेच. चुका झाकून ठेवणाऱ्या संघाला हे जमत नाही.

हे नशीब असतं तर एका वर्षात विरलं असतं. पुढच्याच हंगामात विदर्भाने सौराष्ट्राला हरवून करंडक राखला. त्या वर्षी जाफरने हजारावर धावा केल्या. 2023-24 मध्ये संघ पुन्हा अंतिम सामन्यात पोचला आणि वानखेडेवर मुंबईकडून हरला. 2024-25 मध्ये जामठ्यावर अंतिम सामना झाला, तो पुन्हा केरळविरुद्ध. केरळचा कर्णधार पुन्हा सचिन बेबी. सुरतेत केरळचे सहा बळी घेणारा सरवटे या वेळी केरळकडून खेळत होता. ईडनवर विदर्भाला छळणाऱ्या करुण नायरने विदर्भाकडून दुसऱ्या डावात शतक केलं. वाडकर आता कर्णधार होता. पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक उचलला. खेळाडू इकडचे तिकडे झाले, पण 2017 मध्ये जमलेली घडी विस्कटली नाही.

म्हणूनच मला वाटतं, की आपण मराठी क्रिकेटरसिकांनी संघाकडे बघायची सवय बदलायला हवी. दिवाळीच्या सुमारास रणजीचा नवा हंगाम सुरू होतो. बहुतेकांचं लक्ष तिकडे जातं ते अंतिम सामन्याच्या दिवशी, आणि त्या दिवशी जो जिंकतो तो थोर ठरतो. 2017 मध्ये इंदूरला दिल्ली जिंकली असती, तर विदर्भाचा तो हंगाम आज कोणाच्या तोंडी नसता. सुरतेतलं 412 धावांचं अंतर आणि ईडनवरची ती सकाळ तशीच राहिली असती, आणि त्यांची कोणी आठवण काढली नसती. हा अन्याय झाला असता, आणि दरवर्षी कोणत्या ना कोणत्या संघावर तो होतो. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ, आपल्या तिन्ही संघांचा जमाखर्च अंतिम सामन्याआधी मांडा. गुण कसे मिळाले ते बघा, कोणत्या डावात संघ डळमळला ते बघा, घरची किती मुलं उभी राहिली ते मोजा. मग अंतिम सामना हरलेल्या संघालाही त्याच्या कष्टाचं माप मिळेल, आणि जिंकलेल्या संघाला पुढच्या वर्षी काय दुरुस्त करायचं तेही कळेल.